जावळ, खरारा आणि गिरण्यांच्या गावातले कुत्रे

गेल्या वर्षी चंपाषष्ठीच्या आठवड्यात, म्हणजे बाळ्याच्या खंडोबाची यात्रा भरलेली असताना, आमच्यापैकी एकाच्या घरी दोन महिन्यांचे पांढरे पिल्लू आले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, तेव्हा योग चांगला, असे घरातल्या आजींनी ठरवून टाकले. पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखे ते दिसे, म्हणून मुलीने त्याचे नाव 'पिंजी' ठेवले. सोलापुरासारख्या सुताच्या गावाला हे नाव शोभणारेच होते. पुढे फाल्गुनात पिंजीचे केस गळू लागले. आधी तोंडाभोवतीचे, मग पायांवरचे, मग पाठीवरचे. कापसाच्या गोळ्याच्या जागी एक लांबुडक्या तोंडाचा, पातळ पायांचा, कुठे लव तर कुठे राठ केस असलेला ओबडधोबड प्राणी घरभर हिंडू लागला. मुलगी रडवेली झाली. फसवून भलतेच पिल्लू गळ्यात मारले, असे शेजारच्यांचे मत पडले. "हिचं जावळ काढायचं का गं आजी?" असे मुलीने विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, "कुत्र्याला कसलं जावळ?"

या लेखाचा विषय हा शेवटचा प्रश्नच आहे. साहित्याच्या अभ्यासकांसाठी असलेल्या या पानावर कुत्र्याच्या केसांची चर्चा कशाला, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या दिवसांत घरातल्या माणसांना, आणि पर्यायाने आम्हाला, जे घडत होते त्याला नाव सापडत नव्हते. आणि नाव सापडले नाही म्हणून एक चूक झाली, जिची किंमत त्या पिल्लाने मोजली. भाषेच्या शिक्षकांना यापेक्षा अधिक लाजिरवाणे काय असावे?

चूक आधी सांगून टाकतो. चैत्र उजाडला, पारा चाळिसाच्या पुढे गेला. एवढ्या केसांत बिचारीला उकडत असणार, असा सरळ मानवी विचार करून आम्ही तिला एका दुकानात नेले आणि 'उन्हाळ्यासाठी सगळे काढून टाका' असे सांगितले. त्यांनीही काही न विचारता मशीन फिरवले. तासाभराने गुलाबी कातडीचे एक कोकरू बाहेर आले. पुढे पशुवैद्यांनी शांतपणे जे समजावले ते आम्ही आधी विचारायला हवे होते. या जातीच्या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला दाट, मऊ, लोकरीसारखा. बाहेरचा लांब, सरळ आणि थोडा राठ. दोन्हींच्या मध्ये हवा अडकते आणि ती हवा थंडीप्रमाणेच उष्णताही बाहेर रोखून धरते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांतून. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो धापा टाकून. तेव्हा केस काढल्याने त्याला माणसासारखा गारवा मिळत नाही, उलट कोवळ्या कातडीवर थेट ऊन पडते. शिवाय असे मुळापासून काढलेले केस पुन्हा येताना कधी सहा महिने, कधी वर्ष लावतात, कधी ठिगळांसारखे येतात. आणि फाल्गुनात जे गळत होते तो रोग नव्हताच. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान अशा पिल्लांची बाळपणीची लव झडते आणि मोठेपणीचे केस येऊ लागतात. ते पुरते भरायला वर्ष, काहींना त्याहूनही अधिक लागते. इंग्रजी बोलणाऱ्या पाळणाऱ्यांनी या मधल्या अवस्थेला 'पिल्लाची कुरूप दशा' अशा अर्थाचे एक थट्टेखोर नाव ठेवले आहे. आमच्याकडे थट्टेचेही नाव नव्हते आणि गंभीरही नव्हते.

येथे वाचकांनी मराठी शब्दकोश मनात चाळून पाहावा. सापाची 'कात' आहे. पक्ष्यांची 'पिसे झडतात'. सिंहाला आणि घोड्याला 'आयाळ' आहे, मेंढीला 'लोकर', माणसाला 'लव' आणि 'रोम'. कुत्र्याच्या अंगावर जे एकत्रितपणे असते आणि ज्याला इंग्रजीत सरळ अंगरख्याचा शब्द वापरतात, त्याला मराठीत 'केस' याखेरीज काही नाही. आमच्या म्हणींतही कुत्र्याचे शेपूट आहे (ते वाकडेच राहते), भुंकणे आहे, चावणे आहे, मरण आहे, केस नाहीत. म्हणजे ज्या अंगाला हात लावून माणूस त्याला कुरवाळतो, नेमके तेच अंग भाषेने सोडून दिले आहे.

ही दरिद्रता मराठीची मुळातली नव्हे, हे लगेच सांगायला हवे. घोड्याकडे वळा. त्याच्या रंगांचे शब्द एका श्वासात संपत नाहीत: अबलख, कुमाईत, सब्जा, पंचकल्याणी. चारही पाय आणि तोंड पांढरे असले म्हणजे पंचकल्याणी, आणि असा घोडा शुभ. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या इतिहासात सर्वत्र आढळतात. ज्या समाजाचे राज्य घोड्याच्या पाठीवर उभे होते त्याने घोड्याचे अंग बारकाईने पाहावे हे ओघानेच आले. त्या अंगाची निगा राखण्यालाही नेमका शब्द होता: 'खरारा'. दात्यांच्या लोखंडी साधनालाही खरारा म्हणत आणि त्याने अंग घासण्याच्या क्रियेलाही. मोतद्दाराने सकाळी खरारा करावा, मग चंदी द्यावी, हा पागेचा नित्यक्रम. खरारा म्हणजे केवळ शोभा नव्हती. मेलेले केस, कोंडा, गोचिडी निघत, कातडीखालचे रक्त खेळते होई आणि मुख्य म्हणजे खोगिराखाली झालेली जखम वेळेवर हाताला लागे. आज 'ग्रूमिंग' या शब्दाखाली दुकाने जे विकतात त्यातला निम्मा भाग या एका शब्दात होता. पागा गेल्या आणि शब्दही अडगळीत पडला.

बैलाचेही तसेच. आमच्या जिल्ह्याची ओळख असलेले खिलार जनावर, सांगोला-मंगळवेढ्याकडचे, पांढरेशुभ्र किंवा किंचित करडी झाक असलेले म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण खिलारी वासरू जन्मते तेव्हा त्याच्या माथ्यावर गंजासारखा तांबूस रंग असतो आणि दोन-तीन महिन्यांत तो नाहीसा होतो. शेतकऱ्याच्या घरात याचे कुणाला नवल वाटत नाही, कुणी 'फसवले' म्हणत नाही, की वासराला घेऊन वैद्याकडे धावत नाही. लहानपणीचा रंग जायचाच असतो, हे ज्ञान तिथे पिढ्यांचे आहे. पिंजीच्या बाबतीत आम्ही घाबरलो ते हे ज्ञान आमच्या गावात नव्हते म्हणून नव्हे. ते गोठ्यात होते आणि आम्ही फ्लॅटमध्ये होतो.

मग कुत्र्यानेच काय घोडे मारले होते? उत्तर सोपे वाटते, पण ते इतके सोपे नाही. कुत्रा आमच्या परंपरेत अस्पर्श्यतेच्या आणि जवळिकीच्या सीमेवर उभा राहिलेला प्राणी आहे. ऋग्वेदात देवांची सरमा आहे आणि यमाचे दोन कुत्रे आहेत. त्यांचे वर्णन 'चतुरक्ष' आणि 'शबल' असे येते. चार डोळ्यांचे म्हणजे बहुधा डोळ्यांवर दोन ठिपके असलेले, शबल म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, चितकबरे. त्या प्राचीन कवीने कुत्र्याचे अंग नीट पाहिले होते, एवढे यातून नक्की कळते. महाभारताच्या आरंभी जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पोराला विनाकारण मारतात आणि त्यातून शाप उद्भवतो; शेवटी युधिष्ठिर एका कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. एवढ्या विशाल ग्रंथाच्या दोन्ही टोकांना कुत्रा उभा असावा, ही गोष्ट वर्गात शिकवताना आम्ही नेहमी घाईने ओलांडतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घराघरांत ठाऊक आहेत. आणि खंडोबाचे 'वाघ्ये' तर स्वतःला देवाचे कुत्रे मानत, कुत्र्यासारखे भुंकत, कोटंब्यातला प्रसाद खात. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या उपासनेचा जो शोध घेतला त्यात या वाघ्यांना मोठे स्थान आहे. इतके सारे असून या कथांत कुत्र्याला कुणी विंचरताना दिसत नाही. देवाच्या पायाशी त्याला जागा मिळाली, पण मांडीवर घ्यायची वेळ क्वचितच आली.

अपवाद एक आहे, आणि तो मोठा विलक्षण आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी हकिगत सांगतात; संगम माहुलीला कृष्णेच्या काठी त्याचे स्मारक आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे की शाहूंनी या कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला आणि भर दरबारात त्याला जरीचे वस्त्र, जडजवाहीर घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली. डफला हे महाराजांच्या बुद्धिभ्रमाचे लक्षण वाटले. पुढच्या इतिहासकारांनाही ते अडचणीचे वाटत आले आहे. आम्हाला मात्र त्यात एक तपशील खुणावतो. कृतज्ञता व्यक्त करायची तर राजाच्या हाताशी कापडच होते. त्याला कुत्र्याचे स्वतःचे केस हे वस्त्र वाटले नाही. त्याच्यावर दुसरे वस्त्र चढवावे लागले. आज दिवाळीत पाळीव कुत्र्यांना शेरवानी घालून छायाचित्रे काढणाऱ्या मंडळींना आपण शाहू महाराजांच्या परंपरेत बसतो याची कल्पना नसावी. (रायगडावरील वाघ्याच्या शिल्पाचा वाद या लेखात आणण्याचे आम्ही कटाक्षाने टाळत आहोत. १९३६चे ते शिल्प, २०१२ साली हटवले गेले आणि पुन्हा बसवले गेले, तो प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे आणि वेगळ्या छातीचा.)

आता पिंजीच्या कुळाकडे येऊ. आपल्याकडे ज्याला सर्रास 'पॉमेरियन' म्हणतात ते पांढरे कुत्रे बहुतेक वेळा इंग्रज अमदानीत आलेल्या जर्मन स्पिट्झचे भारतीय वंशज असते. 'स्पिट्झ' म्हणजे टोकदार; तोंड आणि कान पाहून पडलेले नाव. पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश, आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला. म्हणजे सोलापूरच्या उन्हात दारामागच्या थंड फरशीवर पसरलेल्या या प्राण्याचे आडनाव एका बर्फाळ किनाऱ्याचे आहे, आणि अंगावरचे ते दोन थर त्या किनाऱ्याची आठवण आहेत. इंग्लंडमध्ये हे कुत्रे मानाला चढले ते राण्यांमुळे. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिने १७६७ साली या जातीची जोडी आणवली. ते कुत्रे आजच्याहून बरेच मोठे होते. गेन्सबरोने १७७७च्या सुमारास कार्ल फ्रीड्रिख आबेल या संगीतकारासाठी काढलेले एक चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे: पॉमेरेनियन मादी आणि तिचे पिल्लू. मादी उभी, पिल्लू पायाशी. या चित्रातले केस रंगवण्याचे काम समीक्षकांना फार आवडते. आम्हाला त्यात आई आणि पिल्लू एकाच चौकटीत आहेत हे अधिक महत्त्वाचे वाटते. जाणकार चित्रकाराने दोन्ही वयांचे केस शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही सुंदर मानले. मधली, फाल्गुनातली दशा मात्र त्यानेही रंगवली नाही.

व्हिक्टोरिया राणी १८८८ साली फ्लॉरेन्सला गेली, तिथून तिने 'मार्को' नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला आणि मग छोट्या आकाराचे असे काही वेड पसरले की तिच्या हयातीतच या जातीचा आकार सुमारे निम्म्यावर आला. आकार कमी झाला तसे केस अधिक महत्त्वाचे झाले. कुत्रा लहान आणि केस मोठे, हे प्रमाण सौंदर्याचे माप बनले. शहरी भारतात या पांढऱ्या कुत्र्याला घरोघर पोहोचवण्यात 'हम आपके हैं कौन' या १९९४च्या चित्रपटातल्या 'टफी'चा वाटा किती, हे एखाद्या चित्रपट-अभ्यासकाने तपासावे. आमच्या पिढीतल्या अर्ध्या पॉमेरियनांचे नाव टफी होते, एवढी साक्ष आम्ही देऊ शकतो.

पण सोलापूरकरांनी ज्या कुत्र्याची गोष्ट मुद्दाम वाचावी तो पॉमेरेनियन नव्हे, यॉर्कशायर टेरियर. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले विणकर कामाच्या शोधात यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांच्या गावांत, लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्सकडे सरकू लागले. हातमागावर पोट भरेना, यंत्रमागाकडे जावे लागले. त्यांनी बरोबर आपले छोटे कुत्रे नेले. खाणीत आणि गिरणीत उंदीर मारायला ते उपयोगी पडत. या कुत्र्यांत रेशमी केसांचा एक प्रकार होता, ज्याला पेसली टेरियर म्हणत. पेसली हे नाव वाचकांना परके नसावे. काश्मिरी शालीची नक्कल करून शाली विणणारे हे स्कॉटिश गाव. आपल्या पैठणीच्या पदरावरची कोयरी इंग्रजीत ज्या नावाने ओळखली जाते ते नाव या गावाचे. म्हणजे काश्मिरातल्या पश्मची कीर्ती ज्या गावाने कापडात उचलली त्याच गावाचे नाव एका रेशमी केसांच्या कुत्र्याला मिळाले. पेसली टेरियर आज उरलेला नाही. त्याचे केस यॉर्कशायर टेरियरच्या अंगावर उरले आहेत. 'हडर्सफील्ड बेन' नावाचा एक कुत्रा, १८६५चा जन्म, १८७१ साली गाडीखाली येऊन मेला, तो या जातीचा मूळपुरुष मानला जातो. या कुत्र्याचे केस इतके लांब, इतके तलम की हे गिरणीच्या मागावर विणले असावेत, अशी थट्टा तेव्हा होई.

ही थट्टा आम्हाला थट्टा वाटत नाही. जुन्या गिरणीचा भोंगा १८७७ पासून ज्या गावाने ऐकला, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ज्या गावाचा पूर्वभाग उभा केला, त्या गावात राहणाऱ्याला स्थलांतरित विणकर आणि त्याच्या हाताची ओळख वेगळी सांगायला नको. धाग्याचा पोत बोटांनी ओळखणारा माणूस कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवतो तेव्हा त्याला जे कळते ते राणीला कळणार नाही. दिवसभर दुसऱ्याच्या मालकीचे सूत हाताळायचे आणि रात्री स्वतःच्या कुत्र्याचे केस विंचरायचे. श्रीमंती पुढे आली. आज हा कुत्रा बड्या घरांतला मानला जातो, त्याच्या डोक्यावर रिबिनीचा बो असतो, आणि त्याचे विणकर कुळ कुणाला आठवत नाही.

यॉर्कशायरचे पिल्लूही जन्मते ते काळे आणि तांबूस. मोठेपणीचा पोलादी निळा आणि सोनेरी रंग यायला दोन-तीन वर्षे लागतात. आणि त्याचे केस पिंजीसारखे दुहेरी नसतात. एकाच थराचे, माणसाच्या केसांसारखे वाढत जाणारे. ते कापले तर बिघडत नाही, उलट कापावेच लागतात. म्हणजे दोन्ही छोटी, दोन्ही केसाळ, दोन्ही मांडीवर बसणारी. पण एकाला जे पथ्य तेच दुसऱ्याला अपथ्य. दुकानात 'उन्हाळ्यासाठी काढून टाका' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना दोघांसाठी एकच शब्द ठाऊक असतो, 'केस', आणि तिथेच घोटाळा होतो.

त्या घोटाळ्यातून बाहेर पडायला आम्हाला मदत झाली ती ग्रंथांची नव्हे. आमच्या एका विद्यार्थ्याचे घर सांगोला तालुक्यात, धनगरवस्तीवर. ज्येष्ठात आम्ही त्याच्याकडे काही लोकगीतांच्या निमित्ताने गेलो होतो. त्याच्या आजोबांच्या खांद्यावर घोंगडे होते, काळे, पण नेहमीच्या घोंगड्यासारखे बोचरे नव्हे. हात लावला तर आश्चर्य वाटावे इतके मऊ. आम्ही विचारले. ते म्हणाले, "ह्ये जावळाचं हाय. कोकराची पयली कातरणी. फुडं ती लोकर ऱ्हात न्हाई, राठ हुती."

म्हणजे शब्द होता. आमच्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर होता, आणि तो नेमका याच अर्थाचा होता: जनावराच्या अंगावरचे बाळपणीचे पहिले केस, जे पुढच्यांहून वेगळे असतात आणि जे एकदाच येतात. आजींनी "कुत्र्याला कसलं जावळ" म्हटले होते. धनगराला असा प्रश्न पडला नसता. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. त्यात कोकराची पहिली लोकर वेगळी काढून ठेवतात, तिचे सूत वेगळे कातले जाते. सणगराच्या मागावर ताण्याला चिंचोक्याची खळ लागते आणि घोंगडे तयार होते. जावळाचे घोंगडे मऊ, महाग आणि थोडे.

माणसाच्या पोराचे जावळ काढतात ते शास्त्रात चौल किंवा चूडाकर्म म्हणून सांगितलेले. पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी, मामाच्या मांडीवर, पुष्कळदा कुलदैवताच्या दारी. आमच्या भागात ते दैवत खंडोबा, बिरोबा असते. मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगराया आणि बिरोबाच्या पालख्यांची भेट होते, तिथे भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. मेंढीच्या अंगावरचे देवाच्या अंगावर. पोराचे जावळ देवाच्या पायाशी आणि कोकराचे खांद्यावर, यात त्या लोकांना काही विसंगत वाटत नाही, कारण त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे. पांढरपेशा मराठीने तो शब्द माणसापुरता आखडून घेतला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. त्या पुस्तकाने माणदेशातले धनगर मराठी साहित्यात आणले. पण त्यांची शब्दसंपत्ती आमच्या शब्दकोशांत आणि तोंडांत पुरती आली का, याचे उत्तर आम्ही नाही असेच देऊ.

या संदर्भात मारुती चितमपल्लींची आठवण अपरिहार्य आहे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच वारलेल्या या माणसाने आयुष्यभर जंगलातले शब्द वेचले. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बगळ्यांच्या वसतिस्थानाला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुळवण्याचा प्रयत्न केला. जिथे आदिवासींच्या तोंडचा शब्द मिळाला तिथे तो घेतला, नाही मिळाला तिथे घडवला. या क्रमात मोठा विवेक आहे. आपण मात्र बहुधा उलट करतो: आधी इंग्रजी घेतो, मग संस्कृतातून घडवतो, आणि वस्तीवर जाऊन विचारायचे राहूनच जाते. पाळीव कुत्र्यांवर आज मराठीत जे लिहिले जाते त्यात 'कोट', 'शेडिंग', 'ग्रूमिंग' यांखेरीज काही आढळत नाही. परक्या शब्दांचे आम्हाला वावडे नाही. खरारा हाही मूळचा मराठी मातीतला असेलच असे नव्हे. पण 'कोट' म्हटले की तो काढता येतो असे वाटते. आम्हालाही तसेच वाटले. 'जावळ झडते आहे' असे कुणी म्हटले असते तर आम्ही थांबलो असतो, कारण झडणाऱ्या जावळानंतर केस यायचेच असतात हे घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे.

पशुवैद्यांनी सांगितलेली निगा आम्ही त्यानंतर खरारा म्हणूनच करू लागलो. आठवड्यातून दोन-तीनदा, केस झडत असतील तेव्हा रोज. केस हाताने बाजूला सारून कातडीपासून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे. वरवर फणी फिरवली की वरचा थर चकाकतो आणि आतला गुंतत राहतो. गुंते होतात ते कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आत. आणि एक गोष्ट विणकराला सांगावी लागणार नाही: आंघोळीच्या आधी गुंता सोडवायचा, नंतर नव्हे. ओली लोकर चोळली की तिचे तंतू एकमेकांत अडकून घट्ट होतात, नमदा बनतो तो याच तत्त्वावर. पाणी लागलेला गुंता मग कात्रीनेच काढावा लागतो. आम्ही पहिले दोन महिने नेमके उलट करत होतो. खराऱ्यात एकदा तिच्या कानामागे गोचीड सापडली, आणि मोतद्दार कशासाठी रोज घोड्याचे अंग चाचपत याचा धडा मिळाला.

मशीन फिरवल्याला आता बरेच महिने झाले. पिंजीच्या पाठीवर केस आले आहेत, मानेभोवतीही दाट आले आहेत. मांड्यांच्या मागे मात्र दोन ठिकाणी अजून विरळ आहे, तिथे आतली लव आली पण वरचे लांब केस आले नाहीत. येतील, असे पशुवैद्य म्हणतात. केव्हा ते सांगत नाहीत. मुलीने फाल्गुनात फणीत निघालेली पहिली लव एका पाकिटात ठेवली होती. त्या आजोबांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी बोटांत धरून पीळ देऊन पाहिला. सूत निघेल, म्हणाले, पण आखूड आहे, तुटेल.